पदराला बांधलेलं गाणं

कावेरीबाईंनी पदराची गाठ दातांनी सोडली, आतली सुपारी काढली आणि माझ्यासमोरच्या ताटात ठेवली. ताटात ओटीचे तांदूळ होते. सुपारी त्यांत रुतली. "घे इंदू," त्या म्हणाल्या, "तुमचं गाणं तुम्हाला परत."

माझी धाकटी बहीण शशी हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. तिचं डोहाळजेवण होतं आणि कावेरीबाई तिच्या सासू. अंगण बायकांनी भरलं होतं. आत तव्यावर ओब्बट्टू, म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, जळत होती. वास सगळ्यांना येत होता आणि उठत कुणी नव्हतं. शेवटी कावेरीबाईच म्हणाल्या, "कुणीतरी तवा उतरवा ग." मग शशीकडे न बघता मला म्हणाल्या, "ही माझी सून आहे. बाळंतपण इथं होऊ दे, तो तुमचा मान. मग सुधाकर येऊन तिला घेऊन जाईल. तिला मी काही कमी करणार नाही. पण त्यानंतर ती या घरी यायची नाही आणि तुम्ही कुणी होसकोट्याला आमच्या दारी यायचं नाही." सुधाकर म्हणजे शशीचा नवरा. शशीनं माझ्याकडे पाहिलं. आई गेली तेव्हा ती रांगत होती. तिची वेणी मी घातली, तिला शाळेत मी सोडलं, तिच्या लग्नात आईच्या जागी मी उभी राहिले. तिला वाटत होतं, अक्का आता काहीतरी बोलेल. अक्का काही बोलली नाही, कारण कावेरीबाई नियमाप्रमाणे वागत होत्या. नियम आम्ही मोडला होता.

लोक सोळाव्या, अठराव्या वर्षी मोठे होतात. मी तिशी उलटल्यावर झाले, आणि झाले ती त्या दिवशी. म्हणून हे इथं लिहिते.

आमचं घर बेंगळुरूत के. आर. पुरमला, स्टेशनापासून जवळ. गाडी आली की देवळीतल्या वाट्या किणकिणायच्या. आम्ही मराठी, पण इथले. किती पिढ्यांचे ते अप्पांनाही ठाऊक नव्हतं. अप्पा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं आणि माझं अशी दोन मशीनं, मागे स्वयंपाकघर, मध्ये अंगण, वर गच्चीत एक खोली, ती भाड्यानं द्यायची. मी चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेले. मराठी अक्षरं अप्पांनी कापडावर खडूनं गिरवून शिकवली. त्यामुळे माझं अक्षर अजून मोठं येतं. घरात आत्या होती, अप्पांची थोरली बहीण. गल्ली तिला गंगक्का म्हणायची. ती विधवा होती, कृश होती आणि तिचा आवाज स्टेशनाच्या भोंग्यालाही हार जायचा नाही. माझं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं त्याची कारणं होती, पण त्यांची ही जागा नाही.

आमच्या गल्लीत लग्नात विहिणींची गाणी व्हायची. इतर ठिकाणीही होतात. जेवणाच्या पंगतीनंतर मुलीकडच्या बायका एका बाजूला, मुलाकडच्या दुसऱ्या बाजूला, आणि मग एकमेकींची चिरफाड. आधी तयार काही नसायचं. एकीनं अर्धी ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची, तिसरीनं तिला शेपूट लावायचं. विहिणीचे दात, विहिणीची चाल, विहिणीचं पातळ ताक, काही सोडायचं नाही. समोरच्यांनी तसंच उत्तर द्यायचं. हसून हसून बायकांची पोटं दुखायची, एखादी रडायचीही. पण आमच्या गल्लीचा एक नियम होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. गाणं संपलं की जिच्यावर ते झालं तिच्या पदराला सुपारी बांधायची आणि म्हणायचं, "गाणं तुमचं." त्या घटकेपासून ते गाणं तिचं. करणाऱ्यांचं नाही. तिनं म्हणा म्हटलं तर म्हणायचं, नको म्हटलं तर घशातच ठेवायचं. हे मोडलं तर तिनं सुपारी परत द्यायची, आणि त्या घराशी येणंजाणं संपायचं. शिवी जिला दिली, शिवीची मालकी तिची. आत्या सांगायची, असं नसतं तर गल्लीतल्या बायका एकमेकींची तोंडं बघायच्या नाहीत.

शशीच्या लग्नात कावेरीबाईंवर जे गाणं झालं तसं मी आधी ऐकलं नाही आणि नंतरही नाही. कावेरीबाई म्हणजे धिप्पाड बाई, नाकात दोन्हीकडे चमकी, हसताना सगळं अंग हलायचं. होसकोट्याला त्यांच्या घरी गेलेला माणूस न जेवता परत आला असं कधी झालं नाही. पोस्टमनलासुद्धा बसवून मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि सार खायला घालायच्या. म्हणूनच आम्ही त्यांना चिक्कू केलं. खादाड माणसाला उपाशी म्हणावं, तशी ती गंमत. गाण्यात त्या भाकरी मोजून थापतात, सुनेच्या ताटात अर्धी वाढतात. इथवर शेजारच्या रत्नक्कानं आणलं आणि ती अडकली. उरलेल्या अर्ध्या भाकरीचं काय करायचं ते तिला सुचेना. ठेका चालू, टाळ्या चालू, रत्नक्काचं तोंड उघडं. आणि समोरून कावेरीबाईंनीच, पदर सावरत, डोळे पुसत, ओळ पुरी केली. उरलेली भाकरी कुलपात घातली आणि किल्ली कनवटीला लावली! सगळा मांडव आडवा झाला. आत्या म्हणाली, "ही बाई मला आधी का भेटली नाही?"

ती ओळ मी इथं जशीच्या तशी लिहीत नाही. कारण पुढे येईल. पण त्यांनी माझ्यावर केलेलं गाणं माझं आहे, त्यातलं लिहायला मला कुणाची परवानगी नको.

इंदूनं वळले लाडू गोल गोल बाई,
फोडायला गवंडी आणा, दातांची सोय नाही.
इंदूची जीभ बाई कात्रीवाणी धार,
उंबऱ्यावरून माघारी फिरले नवरदेव चार.

शेवटच्या ओळीला टाळ्या थांबल्या. मग मीच हसले, आणि खरंच हसले. ती गोष्ट माझ्या तोंडावर तोपर्यंत कुणी काढली नव्हती, सगळे मागून बोलायचे. कावेरीबाईंनी ती चालीवर घातली, सुपारी माझ्या पदराला बांधली आणि ती माझी झाली. त्यानंतर मला त्या गोष्टीची लाज वाटली नाही. हे बाहेरच्याला सांगून कळत नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात वरच्या खोलीत मेधा राहायला आली. पुण्याची. महादेवपुऱ्याच्या बाजूला एका कंप्युटरच्या कंपनीत कामाला. एवढीशी पोर, केस मुलासारखे कापलेले, दोन बॅगा आणि एक कंप्युटर. तो वर चढवायला गल्लीतले तिघं लागले. मेधानं फोनची तार वर ओढून घेतली आणि मग संध्याकाळी ऑफिसातून आली की त्या पेटीतून आवाज यायचा. आधी टुकटुक, मग मांजराची शेपटी दारात चिरडावी तसं किंचाळणं, मग खरखर. तेवढा वेळ आमचा फोन बंद. अप्पा म्हणायचे, "लागली हिची गाडी अमेरिकेला." आत्याला ती आवडायची, कारण ती वाढलेलं सगळं खायची. मला आवडायची, कारण ती माझ्याशी नीट बोलायची. मी चौथी पास आहे हे तिला माहीत होतं, पण त्यासाठी ती हळू बोलत नसे आणि मोठ्यानंही बोलत नसे.

एकदा ती माझ्या मशीनजवळ बसली होती आणि मी ब्लाउजच्या पाठीला पानासारखा गळा कापत होते. तो गळा मी काढलेला. सहा महिन्यांत बाजारातला प्रत्येक शिंपी तो कापायला लागला होता. मेधा म्हणाली, "इंदूताई, हे चक्क कॉपी आहे. तुम्हाला राग नाही येत?"

"कशाचा राग? गळा पाठीवर असतो. जी मागे उभी राहील ती बघणारच."

"अहो पण आयडिया तुमची ना? कॉपीराइट म्हणून काही असतं."

"ते काय?"

"म्हणजे ज्यानं बनवलं त्याचा हक्क. त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यानं वापरायचं नाही."

मी म्हटलं, "आमच्याकडे उलटं असतं," आणि तिला गाण्याचा नियम सांगितला. ती बघतच राहिली. "म्हणजे जिची टिंगल केली तिचा कॉपीराइट? सॉलिड आहे हे!" त्या दिवसापासून तिनं गाण्यांचा ध्यास घेतला. इंटरनेटवर ती आपलं एक पान तयार करत होती, आणि त्यावर तिला बेंगळुरूच्या मराठी बायकांची गाणी हवी होती. म्हणाली, "तुम्ही गेल्यावर ही गाणी कुठे राहणार? इथं घातली की कायमची राहतील." तिला खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटलं. तोपर्यंत कायमचं राहणारं असं आमच्याकडे काही नव्हतं, स्टेशन सोडून.

हिवाळ्यात आमच्याकडे अवरे येतात. वालासारखा दाणा, पण त्याचा वास तेलकट गोड असतो आणि बाजारापासून घरापर्यंत पाठ सोडत नाही. ते भिजवायचे आणि एकेक दाणा बोटांत दाबून सालीतून उडवायचा. कंटाळ्याचं काम. म्हणून बायका एकत्र बसून करतात. त्या दुपारी अंगणात आत्या, रत्नक्का, मी आणि मेधा अशा परातीभोवती बसलो होतो. मेधाचे दाणे परातीत कमी आणि अंगणात जास्त उडत होते.

"पुण्याची, स्वल्प हळू दाब," रत्नक्का म्हणाली. "कोंबड्यांना जेवण घालतेयस का?"

मेधानं विषय काढला. कावेरीबाईंचं गाणं तिला पानावर घालायचं होतं.

आत्या लगेच म्हणाली, "ते आपलं नाही. पदराला बांधलंय."

"पण गंगाआत्या, आपण ते गाणार नाही आहोत. फक्त लिहून ठेवायचंय."

"लिहिलेलं कुणी वाचलं तर?"

"वाचलं म्हणजे गायलं नाही ना," मी म्हणाले. मला ते पानावर हवं होतं. आमच्या गल्लीत इतकं चांगलं काही झालंच नव्हतं.

रत्नक्का म्हणाली, "नियम म्हणण्याचा आहे, लिहिण्याचा कुठे आहे?" आणि ते खरं होतं. लिहिण्याचा नियम कुणी केला नव्हता, कारण ज्यांनी नियम केले त्यांच्यात लिहिणारं कुणी नव्हतं.

आत्यानं एक दाणा उडवला. "त्या पेटीत कोण कोण बघतं?"

"जगातलं कुणीही," मेधा अभिमानानं म्हणाली.

आत्या हसली. "मग सरी, चालेल. जगाला काय आमची विहीण माहीत आहे? घाल."

ही आमची अक्कल. गल्लीत बोलायचं नाही ते जगाला सांगायला हरकत नाही, असं आम्हा तिघींना वाटलं. जग म्हणजे आमच्या लेखी कुणीच नाही.

नियम मोडू नये म्हणून मी गाणं म्हटलं नाही. वरच्या खोलीत मेधाशेजारी स्टुलावर बसून सपाट आवाजात एकेक ओळ सांगितली, वाण्याला सामान सांगावं तशी. चाल नाही, टाळी नाही, रत्नक्काचं अडकणं नाही, मांडवाचं हसणं नाही. मेधा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत गेली आणि खाली इंग्रजीत अर्थ. मला वाटलं, आपण केवढी काळजी घेतली. आज वाटतं, त्या सपाट आवाजानंच घात केला. एकदा तरी गाऊन दिलं असतं तर ऐकणाऱ्याला कळलं असतं की ही थट्टा आहे.

मग मेधानं विचारलं, "रचना कुणाची लिहू?"

मी तिला खरं सांगितलं. पहिलं कडवं आत्याचं, दाताचं माझं, भाकरीचं अर्धं रत्नक्काचं, आणि कुलपाचं खुद्द कावेरीबाईंचं.

"त्यांनी स्वतःवरच?"

"मग? आम्हाला कुठे सुचत होतं?"

मेधा हसली, विचार करत बसली. "एवढी नावं कशी लिहू? लोक कन्फ्यूज होतील. एकच घालू या. तुमचं घालते, सांगितलं तुम्ही." मी नको म्हटलं नाही. कुणीही म्हटलं नसतं. पान तयार झालं तेव्हा तिनं मला वर बोलावलं. काळ्या काचेवर पिवळी अक्षरं, खाली माझं नाव आणि त्यापुढे गोलातलं एक इंग्रजी अक्षर. "हा तुमचा हक्क, इंदूताई." शेवटी एक टीप होती. गाणं कुठल्या लग्नात, कुठल्या गावच्या कुठल्या बाईवर झालं ते तीत आडनावासकट होतं. मेधा म्हणाली, संदर्भ लागतो, त्याशिवाय अभ्यासू लोक मानत नाहीत. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. येत असतं तरी मी ती टीप काढायला लावली असती असं म्हणवत नाही.

आता मी सर्जापूर रोडला सातव्या मजल्यावर राहते. इथं लिफ्टमध्ये बायका मला फोन दाखवतात, "आजी, हे बघा किती छान लिहिलंय." खाली कुणाचं नाव नसतं, किंवा भलत्याचंच असतं. मी विचारते, लिहिणाऱ्याला विचारलं का? त्या हसतात. मी पुढचं विचारत नाही, की ज्याच्यावर लिहिलंय त्याला विचारलं का. ते त्यांना समजायचं नाही.

त्या पानाचं पुढे काय झालं ते आम्हाला नीट कधी कळलं नाही. एवढं कळलं की परदेशातल्या मराठी मंडळींचा एक गट होता, ते एकमेकांना पत्रं पाठवायचे त्या पेटीतून, आणि कुणीतरी गाणं त्यांत टाकलं. होसकोट्याला तेव्हा शशीच्या धाकट्या दिराचं, वसंताचं, लग्न ठरलं होतं. मुलगी पुण्याची, शिकलेली, तिचा भाऊ अमेरिकेत. साखरपुडा झाला होता, साड्या माझ्याकडेच फॉल-बिडिंगला आल्या होत्या. भावानं ते पान वाचलं. गावाचं नाव, बाईचं नाव, आणि ती सुनेला अर्धी भाकरी वाढून उरलेली कुलपात घालते, असं इंग्रजीत. त्यानं आईवडिलांना फोन केला. त्यांनी होसकोट्याला फोन केला नाही, माणूस पाठवला, तो साखरपुड्याची साडी परत देऊन गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "तुमच्या सुनेच्या माहेरच्यांनीच लिहून ठेवलंय. आम्ही कशाला धोका पत्करायचा?"

हे आम्हाला सुधाकरनं सांगितलं. तो स्कूटरवरून आला, शशी डोहाळजेवणासाठी आधीच आमच्याकडे आली होती. तो उभाच राहिला. "अक्का, तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं मेधानं. सांगितलं मी."

"आई काही बोलत नाही. जेवणही वाढत नाही कुणाला. आपापलं घ्या म्हणते." हे ऐकून आत्यानं कपाळाला हात लावला. कावेरीबाई वाढत नाहीत म्हणजे काय, ते आम्हाला कळत होतं.

मेधाला मी खाली बोलावलं. ती पांढरीफटक पडली. "मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते," म्हणाली आणि वर धावली. पेटी किंचाळली, खरखरली. थोड्या वेळानं ती खाली आली. "काढलं."

"म्हणजे आता नाही ना ते?"

ती जिन्यावर बसली. "माझ्याकडून काढलं, इंदूताई. ज्यांनी एकमेकांना पाठवलंय, त्यांच्याकडे आहे. ते मला काढता येत नाही."

मला वाटायचं, शिकलेल्यांना सगळं येतं. त्या दिवशी कळलं की तिलाही ती पेटी माझ्याइतकीच नवी होती. तिला फक्त चालू कशी करायची ते येत होतं.

मी होसकोट्याला जायला निघाले. आत्या म्हणाली, "जाऊ नको. तिला यायचं तर ती येईल." म्हणून थांबले. कावेरीबाई डोहाळजेवणाला येणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं. त्या आल्या, चांगली साडी नेसून, सुनेसाठी हिरव्या बांगड्या घेऊन. शशीला स्वतःच्या हातानं बांगड्या भरल्या, ओटी भरली, तिच्या तोंडात घास दिला. आणि मग वळून माझ्यासमोर बसल्या आणि पदराची गाठ सोडली.

सुपारी ताटात पडल्यावर आणि तवा उतरवल्यावर पुढे आली ती मेधा. कोपऱ्यात उभी होती. "काकू, चूक माझी आहे. इंदूताईंची नाही. मी त्या लोकांना पत्र लिहून सांगते की ते सगळं विनोद म्हणून होतं."

"तू लिहू नको आता काही," कावेरीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला शिव्यांचा राग नाही, बाळ. शिव्या मीच पदरात घेऊन गेले. घरी सगळ्यांना म्हणून दाखवल्या. शेजारच्यांना म्हटलं, बघा, आमच्या विहिणी काय बाया आहेत." मग माझ्याकडे वळल्या. "पण कुलपाची ओळ माझी होती, इंदू. तुम्ही अडकलात म्हणून मी दिली. तुमची फजिती होऊ नये म्हणून दिली. त्याखाली तू आपलं नाव घातलंस. ओळ माझी, नाव तुझं, आणि बदनामी पुन्हा माझी."

मी ताटातले तांदूळ बोटानं सारखे करत राहिले.

आत्या म्हणाली, "कावेरक्का, सुपारी परत घे ग. मी म्हातारी सांगते. चुकलं आमचं."

"गंगक्का, परत दिलेलं गाणं पुन्हा बांधता येतं का? नियम तुमच्या गल्लीचा आहे. तूच सांग."

आत्यानं नाही अशी मान हलवली. बांधता येत नव्हतं. आत्या खोटं बोलली असती तर बरं झालं असतं असं मला नंतर पुष्कळ वेळा वाटलं. पण ती तशी नव्हती आणि कावेरीबाईही तशा नव्हत्या. तशा असत्या तर ते गाणं त्यांच्यावर झालंच नसतं.

शशी पाटावरून उठली. उठायला तिला त्रास होत होता, मी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. सासूलाही हात दिला नाही. भिंतीला धरून आत गेली आणि दार लावून घेतलं. जेवणं झाली. लोक आले होते, वाढणं भाग होतं. जळालेला ओब्बट्टू मी खाल्ला.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली, वसंताचं लग्न होसकोट्याच्याच मुलीशी होऊन त्याला मुलंबाळं झाल्यावर. त्याचं तसं काही बिघडलं नाही, बिघडलं ते आमचं. सुचलं ते असं, की मेधाला गाणं हवंच होतं तर तिला मी दुसरं द्यायला हवं होतं. लाडवांचं, कात्रीचं, परत गेलेल्या नवरदेवांचं. ते माझं होतं. ते जगभर फिरलं असतं तर काय झालं असतं? बेंगळुरूच्या एका शिंपिणीचं लग्न झालं नाही, एवढंच लोकांना कळलं असतं. गल्लीला ते माहीतच होतं. पण आपल्यावरचं गाणं चारचौघांत घालावं असं मला एकदाही वाटलं नाही. दुसरीवरचं घालावंसं वाटलं.

शशीला मुलगी झाली. सुधाकर न्यायला आला तेव्हा मी बाळाची दुपटी, अंगडी, टोपरी सगळं बांधून दिलं. रिक्षात बसल्यावर शशी म्हणाली, "अक्का, तू येऊ नकोस. मला तिथं राहायचंय." मी म्हटलं, "ठीक." तिचं बरोबर होतं. रिक्षा गेली आणि मी मशीनवर जाऊन बसले. गिऱ्हाइकं थांबली होती. कावेरीबाईंनी शब्द पाळला, शशीला काही कमी केलं नाही. शशीनंही पाळला. अप्पा गेले तेव्हा ती आली, बाहेरच्या बाहेर, दहा माणसांसारखी. मेधा वर्षभरानं परदेशात गेली. जाताना रडली, मी तिला रवा भाजून दिला. तिची पत्रं यायची, मी उत्तरं द्यायची, माझ्या मोठ्या अक्षरात. मग तीही थांबली. आमच्या गल्लीत त्यानंतर विहिणींची गाणी झाली नाहीत. कुणी बंद केली नाहीत. लग्नात बायका समोरासमोर बसायच्या, कुणीतरी अर्धी ओळ टाकायची, आणि ती उचलायला कुणी पुढे येत नसे.

कावेरीबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा आत्याही राहिली नव्हती, विचारायला कुणी नव्हतं. मी होसकोट्याला गेले. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले. शशी पाणी घेऊन आली. किती दिवसांनी तिला जवळून बघत होते, कानशिलाचे केस पांढरे झाले होते. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "शेवटी शेवटी त्या गाणं म्हणायच्या ग. ते. मधल्या ओळी विसरल्या होत्या. मला विचारायच्या. मी नवरी, मी आत बसलेले, मला कुठलं येतंय? मी म्हटलं, अक्काला येतं, बोलावू का?"

"मग?"

"म्हणाल्या, नको. ते मी परत दिलंय."

के. आर. पुरमचं घर अप्पांच्या माघारी विकलं गेलं. मी आता राहते ती शशीच्या मुलीकडे, उमाकडे. तिची नोकरी इथंच सर्जापूर रोडला आहे, आणि मला मशीनवर बसवत नाही तेव्हापासून तिनंच मला इथं आणलं. शशी येते, पाहुणीसारखी दोन दिवस राहून जाते. उमानं ते पान शोधलं. म्हणाली, जुनी पानंही सापडतात कधीकधी. सापडलं नाही. ज्या ठिकाणी मेधानं ते ठेवलं होतं ती जागाच बंद झाली म्हणे. जे कायमचं राहणार होतं ते गेलं, आणि रत्नक्काही गेली, तेव्हा ते गाणं पुरं येणारी आता मी एकटी उरले आहे.

"मग सांग ना, मावशी," उमा म्हणते. "मी नुसतं ऐकते, कुठे टाकत नाही."

"माझं नाही ते."

"कुणाचं मग?"

"तुझ्या आजीचं."

"आजी तर गेली. म्हणजे आता माझं झालं ना?"

नियमात हे नव्हतं. मी अजून विचार करते आहे.

सुपारी परत आली त्या दिवशी ताटाजवळ बसलेल्यांपैकी शशी आहे, होसकोट्याला. मी आहे. आणि उमा आहे. ती तेव्हा शशीच्या पोटात होती.